जादा तासाचा खरा हिशोब



उन्हाळा लागला की आपल्या गटांमध्ये कामाची झुंबड उडते. घरचं वाळवण, गटाच्या पापड-कुरडयांच्या ऑर्डरी, आगरी मसाल्याची मिरची भाजणं, सुकट निवडणं, सगळं एकाच वेळी येतं. त्यात खारघर, कामोठे, उलवे इथल्या सोसायट्यांमधून स्वयंपाकाला बाई पाहिजे म्हणून निरोप येतात. तळोजा आणि तुर्भ्याच्या एमआयडीसीत किंवा उरण-पनवेलकडच्या गोदामांत पॅकिंगला जाणाऱ्या तायांना सुपरवायझर विचारतो, "आज दोन तास थांबशील का?"

प्रत्येक ठिकाणी प्रश्न एकच असतो. अजून थोडं करशील का? आणि आपलं उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलं असतं. करते की, तेवढेच चार पैसे.

या लेखात मी त्या "तेवढेच चार पैसे"चा हिशोब मांडणार आहे. जादा काम घेऊच नका, असं मला सांगायचं नाही. पैशाची गरज काय असते ते प्रत्येकीला माहीत आहे. पण आपण गटात एक-एक रुपयाची नोंद ठेवतो, पासबुक जुळवतो, आणि आपला वेळ मात्र कुठल्याच वहीत लिहीत नाही. जे लिहिलं जात नाही ते फुकट जातं, हे आपल्याला बचत गटानेच शिकवलं आहे. मग वेळेचंही तसंच करून बघू.

मोकळा वेळ म्हणजे कोणता?

आधी हे ठरवू, कारण इथेच गोंधळ होतो. टीव्हीवर मालिका चालू आहे आणि हातात लसूण सोलायला आहे, हा मोकळा वेळ नाही. बसची वाट बघत स्टॉपवर उभं राहणं हाही नाही. पाणी येईपर्यंत नळाशी बसणं नाही, आणि मुलाला अभ्यासाला बसवून शेजारी कपड्यांच्या घड्या घालणंही नाही.

ज्या वेळात तुमच्यावर कोणाचंही काम नाही, तुम्ही उठला नाहीत तरी कोणाचं अडत नाही, आणि त्या वेळात काय करायचं ते तुम्हीच ठरवता, तो मोकळा वेळ. झोपायचं, शेजारणीकडे ओटीवर बसायचं, देवळात जायचं, भजन म्हणायचं, शिवण शिकायचं, किंवा काहीही नाही करायचं. काहीही न करणं हेसुद्धा यात बसतं.

मी एका गटाच्या बैठकीत विचारलं होतं, काल असा वेळ किती मिळाला? बराच वेळ कोणी बोललं नाही. मग एक काकू म्हणाल्या, "आंघोळीला गेले होते तेव्हा, दार लावून." सगळ्या हसल्या. पण दुसरं उत्तर कोणाकडे नव्हतं.

"फावल्या वेळात पैसे कमवा" अशी पाटी आपण सगळ्यांनी वाचली आहे. ती पाटी आपल्याकडे फावला वेळ आहे हे धरूनच चालते. आहे का, ते आधी मोजायला हवं.

दिवस आधीच किती भरलेला आहे?

हे मोजण्याचं काम सरकारनेही केलं आहे. भारत सरकारने 2019 साली आणि पुन्हा 2024 साली देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. घरोघरी जाऊन माणसं विचारत होती की काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत तुम्ही काय काय केलं.

2019 च्या पाहणीत सहा वर्षांवरच्या दर 100 बायका-मुलींपैकी 81 जणी घरकाम करत होत्या. पुरुष आणि मुलग्यांमध्ये हा आकडा होता 100 पैकी 26. जे घरकाम करतात त्यांना त्यासाठी दिवसाला किती वेळ लागतो? बायकांना 299 मिनिटं, पुरुषांना 97 मिनिटं. 2024 च्या पाहणीत हे आकडे 289 आणि 88 झाले. म्हणजे आजही घरकाम करणारी बाई त्यात रोज पावणेपाच तासांहून जास्त वेळ घालवते, आणि पुरुष दीड तासाच्या आत. मुलं, आजारी माणसं, म्हातारी माणसं यांचं करण्यात जाणारा वेळ यात धरलेला नाही. 2024 मध्ये ज्या बायका हे काम करत होत्या त्यांना त्यासाठी दिवसाला आणखी 137 मिनिटं लागत होती. म्हणजे सव्वादोन तास.

आता बेरीज करा. घर आणि माणसं मिळून सात तास. बाहेरचं काम आठ तास. जाण्या-येण्याचा एक तास. झाले सोळा. राहिले आठ, त्यात झोप, आंघोळ, जेवण सगळं आलं. अशा दिवसात जेव्हा कोणी म्हणतं "अजून दोन तास", तेव्हा ते दोन तास रिकाम्या जागेतून येत नाहीत. ते झोपेतून येतात, नाहीतर मुलीच्या शाळेतून येतात, कारण आई उशिरा आली की चूल मुलीकडे जाते.

म्हणून जादा तासाचा पहिला प्रश्न "किती पैसे मिळतील" हा नसावा. पहिला प्रश्न असा असावा: हा तास मी कोणाच्या वाट्यातून काढते आहे?

रविवार आपोआप मिळालेला नाही

आज रविवार सुट्टीचा वार आहे हे आपल्याला इतकं सवयीचं आहे की तो पंचांगातूनच आला असं वाटतं. तसं नाही. तो मुंबईच्या गिरणी कामगारांनी मागून घेतला आहे. त्यांचे पुढारी होते रावबहादूर नारायण मेघाजी लोखंडे, आपल्या ठाण्याचेच. ते जोतिराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते होते आणि "दीनबंधु" हे वर्तमानपत्र चालवत.

त्या काळी गिरणी सूर्य उगवला की सुरू आणि मावळला की बंद, असा हिशोब होता. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणजे काम तेरा-चौदा तासांवर जायचं. आठवड्याची ठरलेली सुट्टी नव्हती. 1884 साली लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली. साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज झाला. त्यातल्या मागण्या बघा: दर रविवारी पूर्ण सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहाला काम सुरू आणि सूर्यास्ताला बंद, महिन्याचा पगार पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्याला मदत.

या अर्जात पगाराची मागणी आहे, पण पहिली मागणी सुट्टीची आहे. ही माणसं खाऊन-पिऊन सुखी नव्हती. कोकणातून, घाटावरून आलेली, एका खोलीत दहा-दहा जण राहणारी, गावी पैसे पाठवणारी माणसं होती ती. त्यांना पैशाची किंमत कळत नव्हती असं कोणी म्हणणार नाही. तरीसुद्धा त्यांनी ठरवलं की सातवा दिवस विकायचा नाही.

24 एप्रिल 1890 रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन कामगार बायका बोलायला उभ्या राहिल्या आणि त्यांनी सुट्टी मागितली. 1890 साली दहा हजार माणसांसमोर! आणि 10 जून 1890 रोजी गिरणी मालकांच्या संघाने रविवारची सुट्टी मान्य केली. पुढच्याच वर्षी, 1891 च्या कारखाना कायद्यात आठवड्याची सुट्टी आली आणि बायकांचं काम दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास ठरलं.

त्यानंतरही तास एकदम कमी झाले नाहीत. 1922 साली आठवड्याला 60 तास, 1934 साली 54 तास, आणि 1946 साली 48 तास. शेवटची ही दुरुस्ती विधिमंडळात आणली तेव्हा केंद्रात मजूर खात्याचे मंत्री होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. साठ-पासष्ट वर्षं लागली दिवस आठ तासांचा व्हायला. जो तास आपण सहज "थांबते" म्हणून देऊन टाकतो, तो मिळवायला दोन-तीन पिढ्या गेल्या आहेत.

आपल्याकडे काय बदललं

सिडकोची स्थापना 17 मार्च 1970 ची. त्यानंतर 95 गावांची जमीन नवी मुंबईसाठी घेतली गेली. त्याआधी आपल्या भागातली कामं हंगामाची होती: भातशेती, मिठागर, मासेमारी. तेव्हा सुख होतं असं मी म्हणत नाही. मिठागरावरचं काम काय होतं ते घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. पण प्रत्येक कामाला शेवट होता. भात झोडून झालं, की झालं. पाऊस पडला, की मिठागर बंद. शिमगा, नारळी पौर्णिमा, गौरी यांना हातातलं काम बाजूला पडायचं.

शहराच्या कामाला हंगाम नाही. सोसायटीत रोज पोळ्या लागतात, गोदामात रोज माल येतो. एक तास रिकामा दिसला की तो विकायला गिऱ्हाईक तयारच असतं. म्हणून आता कुठे थांबायचं ते पाऊस ठरवत नाही. ते आपल्याला ठरवावं लागतं.

दिवाळ्याच्या, करंजाच्या कोळणींना हे जास्त सांगायला नको. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. दोन महिने हातात पैसा कमी येतो, तरी बंदी पाळायची, कारण माशाला वाढायला वेळ दिला नाही तर पुढच्या वर्षी जाळ्यात काय येणार? पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवत नाहीत. नागपंचमीला चिरायचं नाही, तळायचं नाही अशी रीत आहे. समुद्राला, बैलाला, विळीला विश्रांती आहे. बाईची तारीख मात्र कुठे लिहिलेली नाही.

जादा तासाचा खरा दर काढू

आता पाटी-पेन्सिल घ्या. खालचे आकडे मी समजण्यासाठी धरले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

*हिशोब पहिला: एक घर जास्त.* समजा एका सोसायटीत स्वयंपाकाचं नवं घर मिळतं आहे. महिन्याला 3,500 रुपये, काम एक तासाचं, महिन्याचे 26 दिवस. वरवर बघता तासाला 135 रुपये पडतात. चांगला दर वाटतो.

पण जायला वीस मिनिटं आणि यायला वीस मिनिटं. म्हणजे रोज एक तास चाळीस मिनिटं, महिन्याचे 43 तास. शेअर रिक्षाचे जाऊन-येऊन 40 रुपये, महिन्याचे 1,040. हातात राहिले 2,460. त्याला 43 तासांनी भागा. तासाला सुमारे 57 रुपये.

अजून संपलं नाही. संध्याकाळी उशीर होतो म्हणून मुलांना रोज 30 रुपयांचा वडापाव, नाहीतर पाकिटातलं काहीतरी. महिन्याचे 780. आता राहिले 1,680, म्हणजे तासाला सुमारे 39 रुपये. 135 चे 39 झाले. तेच घर आधीच्या घराच्या खालच्या मजल्यावर असतं, तर रिक्षा नाही, वाट नाही, आणि दर 135 च्या जवळ राहिला असता. म्हणजे "एक घर जास्त" हे उत्तर नेहमी हो किंवा नेहमी नाही असं नसतं. ते घर कुठे आहे, किती वाजता आहे, यावर ठरतं.

*हिशोब दुसरा: रात्रीचे पापड.* समजा लाटायला किलोमागे 50 रुपये मिळतात. दुपारी ताज्या हाताने किलोला एक तास लागतो. तीन किलो झाले, तीन तासांत 150 रुपये. मग रात्री नऊनंतर आणखी दोन किलो घेतले. आता हात दुखतो, डोळे मिटतात, किलोला दीड तास लागतो. तीन तासांत 100 रुपये. दर 50 वरून 33 वर आला. त्यात जाड-पातळ झालेले परत आले, तर आणखी खाली. कामाचा दर तोच असतो, पण थकलेल्या तासाचा दर कमी पडतो. नगावरचं काम घेणाऱ्या प्रत्येकीने हे एकदा घड्याळ लावून मोजावं.

*हिशोब तिसरा: गटाची ऑर्डर.* हा सगळ्यांत महत्त्वाचा, कारण इथे आपण नेहमी फसतो. समजा गटाने वाळवणाची ऑर्डर घेतली. कच्चा माल, गॅस, पाकिटं, वाहतूक मिळून 18,000 खर्च. विक्री 26,000. नफा 8,000. टाळ्या! आता तास मोजू. दहा जणी, सहा दिवस, रोज चार तास. 240 तास. 8,000 भागिले 240, म्हणजे तासाला 33 रुपये. हा नफा नाही, ही मजुरी आहे, आणि तीही कमी.

अशा वेळी गट काय करतो? "नफा कमी पडला, अजून एक ऑर्डर घेऊ." म्हणजे आणखी 240 तास, त्याच 33 रुपयांनी. त्याऐवजी भाव बघा. हाच माल 30,000 ला विकला गेला, तर नफा 12,000 आणि तासाला 50 रुपये. एक तासही न वाढवता. ऑर्डरचा दर सांगण्याआधी मजुरीचे तास खर्चात धरायचे, हा नियम प्रत्येक गटाने करावा. कधी कधी आपल्याला वेळ आणि पैसा यांतलं एक निवडावं लागतं, ते फक्त आपण स्वतःला स्वस्तात विकलं म्हणून.

हप्ता कोणत्या महिन्यावर ठरवला?

जादा तास कायमचे कसे चिकटतात, ते मी कर्जाच्या अर्जांमध्ये बघते. एखादी ताई सणाच्या दिवसांत ओव्हरटाइम करते, त्या महिन्यात हातात जास्त पैसे येतात. त्याच महिन्यात कर्ज घेतलं जातं, आणि अर्जात तीच कमाई लिहिली जाते. हप्ता त्या कमाईवर बसतो. सण संपतो, हप्ता संपत नाही. आता ओव्हरटाइम हौसेचा राहत नाही, तो दर महिन्याला करावाच लागतो. आजारी पडलं तरी.

म्हणून हे लक्षात ठेवा: हप्ता नेहमी साध्या महिन्याच्या कमाईवर ठरवायचा. ज्या महिन्यात जादा काम नव्हतं, एक-दोन खाडे होते, त्या महिन्यात तुम्ही जेवढा हप्ता भरू शकला असता, तेवढाच. जादा कमाई झाली तर ती कर्ज लवकर फेडायला वापरा, मोठं कर्ज घ्यायला नको. गटाच्या अध्यक्ष आणि सचिव तायांनी अर्ज बघताना हा एक प्रश्न जरूर विचारावा.

कायद्याने तुमचं काय आहे

कारखान्यात, गोदामात जाणाऱ्या तायांसाठी हे थोडक्यात. 1948 च्या कारखाना कायद्यात आठवड्याला 48 तास, आठवड्याची सुट्टी आणि जादा तासाला दुप्पट दर होता. 21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या चार श्रम संहिता लागू झाल्या. त्यांतही या गोष्टी आहेत:

- आठवड्यात सहा दिवसांपेक्षा जास्त काम नाही. एक दिवस सुट्टी.
- ठरलेल्या वेळेपेक्षा जास्त काम केलं तर त्या तासांना नेहमीच्या दुप्पट दर.
- जादा तासासाठी कामगाराची संमती लागते.
- संध्याकाळी सातनंतर आणि सकाळी सहाच्या आधी बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती हवी, आणि तिच्या सुरक्षेची सोय मालकाने करायची.

संमती लागते, याचा अर्थ "आज नाही जमणार" म्हणणं हा उद्धटपणा नाही. ठेकेदार साध्या दराने दोन तास थांबवत असेल, तर तुम्ही त्याच्यावर उपकार करता आहात, तो तुमच्यावर नाही. एकटीने बोलायला भीती वाटते हे खरं आहे, काम जाण्याची भीती खोटी नाही. म्हणून चार-पाच जणींनी मिळून बोला, आणि आपले तास रोजच्या रोज वहीत लिहून ठेवा. तारीख, आल्याची वेळ, गेल्याची वेळ. भांडणाच्या वेळी तीच वही उपयोगी पडते.

घरकाम करणाऱ्या आणि घरी बसून नगावर काम करणाऱ्या तायांना मात्र असा दुप्पट दर लागू होत नाही. तिथे बोलून जे ठरेल तेच. म्हणून तिथे काम धरतानाच महिन्याच्या सुट्ट्या ठरवून घ्या, पगाराच्या आकड्याबरोबरच. नंतर मागितली की ती सुट्टी "खाडा" होते.

जादा काम कधी घ्यावंच

असे प्रसंग येतात. सावकाराचं चढं व्याज चालू आहे आणि दोन महिने जास्त काम केलं तर ते मिटतं. मुलीच्या कॉलेजची फी भरायची आहे. घर गळतं आहे आणि पावसाच्या आत पत्रे घालायचे आहेत. अशा वेळी जादा काम घेणं शहाणपणाचंच आहे. फक्त दोन गोष्टी आधी ठरवा. पैसे नेमके कशासाठी, आणि शेवटची तारीख कोणती. "31 मे पर्यंत, पत्र्यांसाठी" हे चांगलं जादा काम. "बघू, मिळतंय तोवर" हे काम कधी संपत नाही.

तिसरा प्रश्न थोडा नाजूक आहे, पण विचारायलाच हवा. जादा तासाचे पैसे कोणाच्या हातात जातात? तास तुमचा, कंबर तुमची, आणि पैसे दुसऱ्याने ठरवलेल्या ठिकाणी जात असतील, तर हिशोब पुन्हा करायला हवा.

"बाई रिकामी बसली की..."

एक मावशी मला म्हणाल्या, "पोरी, तुझं सगळं बरोबर. पण दुपारी मी आडवी झाले की सासू म्हणते, काम नाही वाटतं आज." ही अडचण हिशोबाने सुटत नाही. पुरुष पारावर बसला तर तो बसलेला असतो. बाई ओटीवर बसली तर ती रिकामी असते. आणि आपणही एकमेकींना तेच बोलतो, हे मान्य करू या. "तुझं बरं आहे बाई, तुला वेळ आहे" हे वाक्य आपण टोमणा म्हणूनच वापरतो.

दशसूत्रीमध्ये आरोग्याची काळजी हे एक सूत्र आहे. आपण ते हिमोग्लोबिनच्या तपासणीपुरतं ठेवलं आहे. झोप हेही आरोग्यच आहे. पाठ टेकणं हेही आरोग्यच. आणि घरातल्या कामाची वाटणी झाल्याशिवाय ते होणार नाही. 88 मिनिटांचा आकडा वर दिला आहे, तो घरी वाचून दाखवायला हरकत नाही. मुलगा बारा वर्षांचा असेल तर आपलं ताट धुणं आणि पाणी भरणं त्याला येतं. नवऱ्याला कुकर लावता येतो. सुरुवातीला भात कच्चा राहील, राहू दे.

आमच्या बैठकाही तुमचा वेळ घेतात, हे मला माहीत आहे. प्रशिक्षण, मेळावा, ग्रामसंघाची सभा. त्यामुळे बैठकीची वेळ ठरवताना तुम्हीही हक्काने सांगा की ही वेळ आम्हाला जमत नाही, आणि एक तासाची बैठक एका तासातच संपली पाहिजे.

पुढच्या बैठकीत करायचं काम

लिहिता न येणाऱ्या तायांनाही हे करता येतं. रांगोळीने किंवा खडूने जमिनीवर मोठं गोल काढा आणि त्याचे 24 भाग करा. चिंचोके, खडे, वालाचे दाणे, जे असेल ते घ्या.

1. कालच्या दिवसाचे तास ठेवा. झोपेला चिंचोके, घरकामाला खडे, कमाईच्या कामाला वाल.
2. मोकळ्या वेळेला एक पाकळी ठेवा. किती पाकळ्या झाल्या ते मोजा.
3. शेजारी दुसरं गोल काढून घरातल्या पुरुषाचा कालचा दिवस ठेवा. दोन्ही शेजारी ठेवून बघा. भांडू नका, फक्त बघा.
4. प्रत्येकीने आपल्या एका जादा कामाचा खरा दर काढा. वाटेचा वेळ, भाडं आणि वरखर्च धरून.
5. सगळ्यांत कमी दराचं काम कोणतं ते ठरवा. ते सोडता येईल का, भाव वाढवता येईल का, की दोघींनी मिळून वाटून घेता येईल, यावर बोला.
6. आठवड्यातली एक वेळ गटाने मिळून ठरवा, जेव्हा गटाचं कोणतंही काम, ऑर्डर किंवा निरोप नसेल. रविवारची दुपार म्हणा, अमावस्या म्हणा. ती इतिवृत्तात लिहा आणि सह्या-अंगठे घ्या.

सहावा मुद्दा मुद्दाम इतिवृत्तात लिहायला सांगते आहे. एकटीने विश्रांती घेतली की ती आळशी ठरते. दहा जणींनी ठराव केला की तो नियम होतो. साडेपाच हजार सह्यांनी हेच केलं होतं.

येत्या 10 जूनला रविवारची सुट्टी मान्य झाल्याचा दिवस आहे. त्याआधी तुमच्या गटाचा गोल काढून त्याचा फोटो आणि काढलेले दर माझ्याकडे द्या. ऑर्डरचे भाव ठरवायला संघाची जून महिन्यात सभा आहे. त्या सभेत "आम्हाला परवडत नाही" एवढंच म्हणण्यापेक्षा "आम्हाला तासाला 33 रुपये पडतात" असं सांगितलं, तर ऐकावं लागेल.

तुमची,
क्षेत्र समन्वयक